अमेरिकेत लेकीकडे सहा महिने राहून वजन न वाढवता परत कसं यायचं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात तीन-चार फ्लॅटना कुलूप असतं, सगळे मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला. आणि ऑक्टोबरात परत येतात तेव्हा लिफ्टमध्ये ओळखू येत नाहीत. मी पण त्यातलीच. पहिल्यांदा गेले लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला, आले ती सात किलो जास्तीची घेऊन, आणि खापर फोडलं डिंकाच्या लाडवांवर. दुसऱ्या खेपेला नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं की लाडू बिचारे उगाच बदनाम झाले. म्हणून जे जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं म्हणजे तिकडचे लोक खादाड आणि आळशी म्हणून जाडे, हे डोक्यातून काढा. १९६० च्या सुमारास तिथे शंभरातली साधारण १३ मोठी माणसं लठ्ठ होती, आता ४० आहेत. साठ वर्षांत माणसांचा स्वभाव बदलला का? बदललं ते आजूबाजूचं सगळं, आणि तुम्ही सहा महिने त्याच आजूबाजूला राहायला चाललायत. त्यात हा आकडा तिकडच्या मापाने, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३० च्या वर, आपल्यासाठी डॉक्टर २५ लाच लठ्ठ म्हणतात कारण आपली चरबी आधी पोटावर बसते. तेव्हा "मी तर तिथे बारीकच दिसते" यावर जाऊ नका, तिथे मी पण बारीक दिसायचे.

बॅग भरताना एक जुना फिटिंगचा ब्लाऊज टाका, साडी नेसणार नसलात तरी. तिकडे गेल्यावर आपण इलॅस्टिकच्या पॅन्टमध्ये शिरतो आणि इलॅस्टिक कधीच तक्रार करत नाही. वजनकाटा पाउंडात असतो, त्यात २.२ ने भागायचा कंटाळा येतो मग कोण बघतंय. ब्लाऊज दर पंधरा दिवसांनी घालून बघा, हुक खोटं बोलत नाही. पुरुषांनी नाडीवाला पायजमा सोडून पट्ट्याची पॅन्ट न्या, भोकं मोजा.

आता चालणं. पुण्यात आपण व्यायाम म्हणून चालत नाही, पण दूध संपलं, कोथिंबीर राहिली, मारुतीला जाऊन येते, असं करत माझ्या फोनवर सहा-सात हजार पावलं होतात. लेकीकडे पहिल्या आठवड्यात फोन बघितला तर अकराशे! ती पण घरातल्या घरात. तिचं घर जिथे आहे तिथे नुसती घरंच घरं, दुकान म्हणून काही नाही, दुकानं वेगळ्या भागात आणि मध्ये सहा पदरी रस्ता. एकदा मी हट्टाने दूध आणायला चालत निघाले, फुटपाथ शेवटच्या घरापाशी जो संपला तो संपलाच, पुढे गवतातून चालले तर एक बाई गाडी थांबवून विचारते, तुम्ही ठीक आहात ना, कुठे सोडू का? म्हणजे चालणारा माणूस दिसला की काहीतरी झालंय असंच वाटतं त्यांना. बँकेत गाडीतून, औषधं गाडीतून, कॉफी गाडीतून. तेव्हा तिथे चालणं आपोआप घडणार नाही, ते मुद्दाम ठरवायला लागतं. गेल्या गेल्या जावयाला सांगा जवळचं पार्क आणि लायब्ररी दाखव, आणि सकाळी ऑफिसला जाताना तिथे सोड. हिवाळ्यात गेलात तर डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि बाहेर बर्फ, मग मॉल गाठा. बऱ्याच मॉलमध्ये सकाळी दुकानं उघडायच्या आधीपासून म्हातारी मंडळी आत फेऱ्या मारतात, कोणी काही म्हणत नाही. आपल्या तळजाईच्या टेकडीसारखंच, फक्त डोक्यावर छप्पर आणि पोह्यांची गाडी नाही.

साखरेचं मात्र नीट बसून शिकून घ्या, कारण खरी मेख इथे आहे. तिकडे डब्यामागे पोषणाचा तक्ता असतो, त्यात 'ॲडेड शुगर', म्हणजे वरून घातलेली साखर, अशी वेगळी ओळ छापायची सक्ती आहे. त्या ग्रॅमला ४ ने भागा, झाले चमचे. मी एका दुपारी लेकीचं कपाट उघडलं आणि साखरेचा डबा, चमचा, वाट्या घेऊन बसले. फळाचं चित्र असलेलं दही, आपल्या वाटीएवढा डबा, १२ ग्रॅम म्हणजे ३ चमचे. कोल्ड्रिंकचा ३५५ मिलीचा कॅन, ३९ ग्रॅम, जवळजवळ १० चमचे, ती वाटी काठोकाठ भरली. पास्त्याच्या टोमॅटो सॉसमध्ये साखर, पीनट बटरमध्ये साखर, साध्या ब्रेडच्या स्लाइसला एक चमचा. लेक संध्याकाळी आली तर ओट्यावर ओळीने वाट्या, म्हणते आई काय हे, हळदीकुंकू आहे का! तिथल्या हार्टच्या डॉक्टरांची संघटना बायकांना दिवसाला ६ चमचे म्हणते, पुरुषांना ९. एका कॅनमध्ये बाई असो की पुरुष, दिवसाचा कोटा पार. (आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने तर २०२० मध्ये एका अमेरिकन सँडविच चेनच्या ब्रेडला टॅक्सपुरतं ब्रेडच मानलं नाही, पिठाच्या वजनाच्या १० टक्के साखर म्हणून, तिथे मर्यादा २ टक्के.) १९७० नंतर मक्याचं स्वस्त सिरप आलं, मक्याला सरकारी मदतही भरपूर, त्यामुळे गोड घालणं कंपनीला परवडतंच. तुम्ही प्लेन होल मिल्क योगर्ट आणून घरी विरजण लावा, माझं दुसऱ्या प्रयत्नात लागलं, ओव्हनचा नुसता दिवा चालू ठेवून.

तक्त्यात अजून एक फसवणूक असते, सगळ्यात वर सर्व्हिंग, म्हणजे एका वेळचं प्रमाण, लिहिलेलं असतं ते आधी वाचा. पाकीट एक, सर्व्हिंग अडीच! आपण आख्खं पाकीट सिरियल बघता बघता संपवतो.

आणि पाकिटातलं खाऊन पोट भरल्यासारखं वाटत नाही, हा माझा भ्रम नव्हता बरं का. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत २०१९ मध्ये २० जणांना ठेवून घेऊन दोन आठवडे पाकीटबंद प्रकारचं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, हवं तितकं खा म्हणून. पाकीटबंदवर माणसं रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत साधारण ९०० ग्रॅम वाढली. दोन्ही ताटांत साखर, चरबी, फायबर सारखंच ठेवलं होतं तरी. म्हणून स्वयंपाकघर ताब्यात घ्या. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाजवळ असाल तर तिथल्या ओक ट्री रोडवर मेथी, भोपळा, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, फक्त तिथल्या फ्रोझन पराठ्यांच्या फ्रीजरसमोरून डोळे मिटून जा.

बाहेर जेवायला गेलात तर दोघांत एक डिश, कमी वाटत असेल तर आल्या आल्याच डबा मागून अर्धं त्यात भरून ठेवा, ताटात आहे तोवर आपण पुणेकर टाकत नाही, पैसे दिलेत ना. पाणीच मागा, सोडा (तिकडे कोल्ड्रिंकलाच सोडा म्हणतात) पुन्हा पुन्हा फुकट भरून मिळतो तोच वाईट. मोठ्या चेनच्या मेन्यूवर २०१८ पासून कॅलरी छापलेल्या असतात, त्या किमतीआधी वाचा.

घरातली वेळ पण बघा. तिकडे साडेसहाला जेवणं उरकतात, ते खरं चांगलंच, पण आपल्याला नऊला परत भूक लागते आणि पॅन्ट्रीत, म्हणजे खाऊ साठवायच्या खोलीत, नातवंडांचा चिवड्यापेक्षा मोठा खजिना. मी नऊला ताक प्यायचे, जिरं घालून, आणि पॅन्ट्रीचा दिवा लावायचा नाही असा नियम. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र कुठलाही नियम चालत नाही, बटाटेवडे, श्रीखंड आणि वर पिझ्झा, दुसऱ्या दिवशी दोन वेळा चाला आणि सोडून द्या. डायबेटीसच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी जेवणाच्या बदललेल्या वेळा तुमच्या डॉक्टरांना सांगून जा.

दुसऱ्या खेपेला पुण्यात उतरले, दुसऱ्याच दिवशी तो ब्लाऊज घातला, सगळे हुक लागले. पिशवी घेऊन भाजीला खाली उतरले तर समोरच्या काकू बघतच राहिल्या, म्हणाल्या, "अगं तब्येत उतरली की तुझी, लेकीने नीट खायला घातलं नाही का?"