वर्डमध्ये प्रत्येक फाइल वेगळ्याच आकारात उघडते, तेव्हा काय करावे

सहकाऱ्याकडून आलेली फाइल उघडावी, तर अक्षरे मुंगीएवढी. स्वतःचीच कालची फाइल उघडावी, तर दोन पाने शेजारीशेजारी. मायक्रोसॉफ्ट वर्डवर रोज काम करणाऱ्यांना हा वैताग परिचित आहे आणि बहुतेक जण खाली उजव्या कोपऱ्यातील झूमची पट्टी दरवेळी नव्याने सरकवत बसतात. झूम ही आपल्या संगणकाची सेटिंग आहे असे आपण गृहीत धरतो; प्रत्यक्षात ती टक्केवारी त्या त्या फाइलमध्ये साठवलेली असते. पाठवणाऱ्याने मोठ्या मॉनिटरवर ७० टक्क्यांवर काम करून फाइल सेव्ह केली असेल, तर ते ७० टक्के फाइलबरोबर आपल्या लॅपटॉपवर येतात.

यातली खोच अशी की, नुसता झूम बदलणे हा वर्डच्या लेखी फाइलमधला बदलच नव्हे. झूम १२० टक्के केला, सेव्हचे बटण दाबले आणि फाइल बंद केली, तरी नवा आकार फाइलमध्ये उतरलेला नसतो आणि पुढच्या वेळी जुनाच समोर येतो. उपाय गावठी वाटेल, पण चालतो: हवा तो झूम ठेवावा, मजकुरात कुठेही एक स्पेस द्यावी, ती बॅकस्पेसने खोडावी आणि मग सेव्ह करावे.

प्रत्येक नवी कोरी फाइलच चुकीच्या आकारात उघडत असेल, तर दोष ‘नॉर्मल’ या टेम्प्लेटमध्ये शोधावा, कारण कोरी फाइल त्याच्यावरूनच तयार होते. हा टेम्प्लेट ज्या फोल्डरमध्ये असतो, त्याचा पत्ता ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या वाटेने अगदी तळाशी गेल्यावर दिसणाऱ्या ‘फाइल लोकेशन्स’ या बटणामागे, ‘युजर टेम्प्लेट्स’समोर मिळतो. टेम्प्लेट मात्र वर्डच्या ‘ओपन’मधूनच उघडावा, फोल्डरमध्ये जाऊन त्यावर डबल-क्लिक केल्यास टेम्प्लेटऐवजी त्यावर बेतलेली नवी फाइल उघडते आणि केलेले काम वाया जाते. उघडल्यावर झूम ठरवून वरचीच स्पेसची युक्ती करावी आणि आत एकही अक्षर राहिलेले नाही, याची खात्री करूनच सेव्ह करावे. नाहीतर ते अक्षर यापुढे प्रत्येक कोऱ्या फाइलमध्ये हजर होईल.

किती टक्के ठेवावे, याचे एक उत्तर नाही. माझ्या मते मराठी मजकुरासाठी ‘व्ह्यू’ टॅबमधील ‘पेज विड्थ’ सर्वांत सोयीचे, कारण पानाची रुंदी खिडकीत नेमकी बसते आणि अनुस्वार, रफार किंवा ऱ्हस्व-दीर्घ उकार डोळ्यांना ताण न देता ओळखता येतात. ‘वन पेज’ पूर्ण पान दाखवते, पण लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर त्याचा उपयोग मांडणी पाहण्यापुरताच होतो. आमच्या एका सहकाऱ्याने पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात म्हणून फॉन्टच १८ केला आणि दोन पानी अर्जाची पाच पाने छापून आली. झूमचा छपाईशी काहीही संबंध नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्याच लक्षात राहिले.

पाने पुस्तकासारखी आडवी सरकू लागली आणि झूमची पट्टी हलेनाशी झाली, तर ‘व्ह्यू’मध्ये ‘साइड टू साइड’ निवडले गेलेले असते; तेथे ‘व्हर्टिकल’ निवडावे. पानांमधली मोकळी जागा नाहीशी होऊन दोन पाने एका रेघेवर चिकटली असतील, तर त्या रेघेवर डबल-क्लिक करावे. बहुधा तशाच एका चुकून झालेल्या डबल-क्लिकने ती गेलेली असते. ईमेलमधून आलेली फाइल वाचनाच्या पूर्ण-पडदा रूपात उघडत असेल, तर एस्केप दाबून तात्पुरते बाहेर पडता येते. कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर ‘ऑप्शन्स’मधील ‘जनरल’ विभागात तळाशी असलेली, ईमेलच्या अटॅचमेंट वाचन-रूपात उघडण्याविषयीची खूण काढून टाकावी.

काम चालू असतानाच आकार उड्या मारत असेल, तर फाइलला दोष देऊ नये. कॉपी-पेस्ट करताना कंट्रोलवर राहिलेले बोट आणि त्याच वेळी फिरलेले माउसचे चाक, एवढ्याने झूम बदलतो. एक्सेलमध्ये चाकाच्या वागण्याविषयी पर्याय आहे, वर्डमध्ये तो दिलेला नाही, त्यामुळे येथे बोटालाच सवय लावावी लागते. टचपॅडवर मात्र विंडोज ११च्या टचपॅड सेटिंग्जमधील ‘पिंच टू झूम’ बंद करता येते, अर्थात मग ते सर्वच प्रोग्रॅममध्ये बंद होते.

लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांची या बाबतीत सुटका सोपी आहे. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’ आणि ‘जनरल’ येथे गेल्यावर फाइलबरोबर वापरकर्त्याच्या सेटिंग्ज उघडण्याविषयी एक चौकोन असतो. त्यातील खूण काढली, की फाइल पाठवणाऱ्याचा झूम आपल्या पडद्यावर येत नाही.