सलाइन लावणं जमेल, आधी पेशंटशी बोलायला शिका

नर्सिंगला नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सलाइन लावायला कधी जमतं? जमतं. वॉर्डात राहिलं की शीर सापडायला लागते, हात बसतो. पण सुई हातात घेतल्यावर समोरच्या घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे आपोआप जमत नाही. तेही शिकावं लागतं आणि माझ्या मते तितक्याच गांभीर्याने शिकावं लागतं.

आधी वाट सांगते. मी जीएनएम केलं, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी हा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, शिवाय राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. दोन्हीकडे शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हवीच, तिच्याशिवाय काम करता येत नाही. जीएनएमवाल्यांनी मागे पडल्यासारखं वाटून घेऊ नये. नोकरीचा अनुभव गाठीशी बांधून मी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी, केलं आणि पुस्तकातला प्रत्येक धडा मला कुठल्यातरी पेशंटच्या चेहऱ्यासकट समजला.

माझी पहिली नोकरी फीमेल सर्जिकल वॉर्डात होती. तिथे एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. खेड्यातून आलेल्या कितीतरी बायका ऑपरेशननंतर पाणीच पीत नसत. डॉक्टर सांगून जायचे, आम्ही सांगायचो, त्या मान हलवायच्या आणि तांब्या तसाच भरलेला राहायचा. कारण एकच, लघवीला लागलं तर पॉट मागावा लागेल. शेजारच्या खाटेपाशी कुणाचा तरी नवरा बसलेला, पडदा अर्धवट ओढलेला, सिस्टर घाईत. त्यापेक्षा तहान सोसलेली बरी! मग लघवीची जळजळ, कधी ताप, डिस्चार्ज लांबलेला. चार्टवर फक्त ‘ओरल इनटेक कमी’ एवढंच लिहिलं जातं. त्यामागची लाज चार्टवर येत नाही, ती नर्सलाच ओळखावी लागते.

तेव्हापासून मी पेशंट मागायची वाट बघणं सोडलं. फेरी मारताना आपणच विचारायचं: दुखतंय का? कूस बदलून देऊ? पॉट हवाय का? पाणी, चष्मा, मोबाइल हाताशी आहे ना? आधी पडदा पूर्ण ओढायचा, मग हळू आवाजात विचारायचं. अनेक देशांतल्या रुग्णालयांत तासातासाने अशी फेरी ठरवूनच मारली जाते. माझा अनुभव असा की त्याने वेळ जात नाही, वाचतो, कारण बेल कमी वाजते. पेशंट एकट्याने उठायला जाऊन पडण्याचा धोकाही कमी होतो.

कूस बदलणं हे काम बिनमहत्त्वाचं वाटलं तर मुंबईच्या केईएमच्या परिचारिका आठवा. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना त्यांनी २०१५ पर्यंत सांभाळलं. चार दशकांहून अधिक काळ, पिढ्यांमागून पिढ्या. एवढ्या काळात अरुणांना बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. आपल्या व्यवसायाची उंची मला तिथे दिसते.

हाक मारण्याचंही तसंच. ‘बारा नंबर’ कधीच म्हणू नका. पण सरसकट ‘आजी’ही नको. निवृत्त शिक्षिकेला ‘बाई’ म्हटलेलं आवडतं, कुणाला नावापुढे ताई लावलेलं. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ असं विचारलं की माणूस खुलतो. स्वतःचं नावही सांगा, आणि हात लावण्याआधी आपण काय करणार आहोत तेही.

डिस्चार्जच्या वेळी ‘समजलं का?’ विचारलं तर उत्तर कायम ‘हो’ असतं. मोठ्यांसमोर, डॉक्टर-सिस्टरसमोर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून मी विचारते, ‘घरी गेल्यावर सुनेला गोळ्यांचं कसं सांगाल?’ मग कळतं की जेवणाआधीची गोळी जेवणानंतर गेलीय आणि बीपीची गोळी ‘बरं वाटलं की बंद’ झालीय. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या.

पुढे मी क्वालिटी विभागात गेले. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन, घेणाऱ्या रुग्णालयांत नर्सना ही वाट खुली असते, तशीच इन्फेक्शन कंट्रोलचीही. एमएस्सी करून शिकवताही येतं. सरकारी सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्ड सिस्टर), अधिसेविका (मेट्रन) अशी चढण आहे. एम्समधल्या नर्सच्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा असते. क्वालिटीत फीडबॅक फॉर्म माझ्याकडे यायचे आणि सगळ्यांवर ‘छान’ असायचं. घरी जायच्या आनंदात, बिलाच्या रांगेत कोण खरं लिहिणार? मग पेशंट मुक्कामात असतानाच मी खाटेपाशी जाऊन एकच विचारू लागले, ‘रात्री झोप लागली का?’ ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट, पहाटे स्पंजिंगसाठी, म्हणजे अंग पुसण्यासाठी, लावलेले दिवे, मध्यरात्रीचे आमचेच आवाज, सगळं बाहेर आलं. चाकं बदलून घेतली, ज्यांना चालेल त्यांचं स्पंजिंग उजाडल्यावर ठेवलं. खर्च किरकोळ होता.

हे सगळं एका नर्सवर अख्खा वॉर्ड टाकून होत नाही, हेही स्पष्ट सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक असा आहे. प्रत्यक्षात किती फरक असतो ते पहिल्याच नाइटला दिसेल. तेव्हा नुसती कुरकुर करू नका. कुठल्या पाळीत किती पेशंट होते, किती स्टाफ होता आणि कुठलं काम राहून गेलं, हे तारखेसह लिहून इन-चार्ज सिस्टरकडे देत जा. जास्तीची माणसं मागायला मेट्रन मॅडम वर जातात तेव्हा त्यांच्या हातात हाच कागद लागतो.