लॉग पी पाठ करण्याआधी

एम.फार्म.च्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "जुलाबावरचं लोपेरामाइड मेंदूत परिणाम का करत नाही?" लॉग पी म्हणजे औषध पाण्यापेक्षा मेदात किती जास्त विरघळतं याचं माप; मेदात जास्त विरघळणारं औषध मेंदूत जास्त जातं, एवढंच मला पाठ होतं. लोपेरामाइड मेदात चांगलंच विरघळतं, शिवाय मॉर्फिनसारखं ओपिऑइडच आहे. मी गप्प बसलो.

त्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून फार्माकॉलॉजीचं एक जुनं पुस्तक आणलं आणि औषधं जोडीनं वाचायला लागलो. पुण्यात नव्यानं फार्मसीला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

मेंदूच्या केशवाहिन्यांतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की बहुतेक औषधांना मधल्या फटीतून वाट मिळत नाही. पेशीच्या मेदाच्या पटलातून आरपार जावं लागतं. म्हणून पहिली जोडी प्रोप्रानोलॉल आणि ॲटेनोलॉल, दोन्ही रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर औषधं. लॉग पी प्रोप्रानोलॉलचा सुमारे 3.5, ॲटेनोलॉलचा 0.2 च्या आत. हे प्रमाण लॉगमध्ये आहे, म्हणजे एकाचा फरक दहापट, हे विसरू नका: ऑक्टॅनॉल (मेदाच्या जागी वापरतात तो द्रव) आणि पाण्यातल्या वाटणीत हा फरक हजारपटीहून मोठा पडतो. झोपेत भयानक स्वप्नं पडण्याची तक्रार प्रोप्रानोलॉलमध्ये जास्त का, ते इथे कळतं. दुसरी जोडी ॲट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट, दोन्ही ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडवणारी. ग्लायकोपायरोलेटच्या नायट्रोजनवर कायमचा धन प्रभार असतो, त्यामुळे ते जवळजवळ बाहेरच राहतं.

पार्किन्सनवरच्या लेव्होडोपापाशी मात्र थांबा. डोपामाइन मेंदूत जात नाही, लेव्होडोपा जातं. पण ते मेदात विरघळतं म्हणून नव्हे. मोठ्या अमिनो आम्लांना आत नेणारा वाहक त्यालाही घेऊन जातो. इथे बरीच मुलं चुकतात, मीही चुकलो होतो.

आणि लोपेरामाइड? ते पटलात शिरतं, पण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला परत रक्तात ढकलतो. निरोगी स्वयंसेवकांना सोबत क्विनिडीन देऊन हा पंप अडवला, तेव्हा त्यांच्या श्वसनावर ओपिऑइडचा परिणाम दिसला. ही ओळ वाचली तेव्हा मला त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक औषधासमोर चार रकाने असतात: लॉग पी, प्रभार, वाहक, पंप. पहिला रकाना भरून थांबू नका.