पोरांना उतार, आजीला बाजार: कुटुंबासाठी स्की रिसॉर्ट निवडताना या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की रत्नागिरीतल्या ओळखीच्या दोन-तीन घरांतून हमखास फोन येतो. "बर्फात जायचंय, पोरांना स्की शिकवायचंय. गुलमर्ग बरं की मनाली?" मी आधी उलट विचारते, बरोबर कोण कोण आहे, आणि संध्याकाळी चारनंतर तुम्ही काय करणार?

हा प्रश्न मला आमच्या पहिल्या सहलीने शिकवला. हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं होतं, बाजार अगदी जवळ आहे. अंतर खरंच जेमतेम आठशे मीटर होतं. पण रस्ता सगळा चढाचा, आणि त्यावर दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ, काचेसारखा गुळगुळीत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या. पहिल्या संध्याकाळी वीसेक पावलं चालल्या, माझा दंड घट्ट धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "मी बसत्ये गो खोलीतच. तुम्ही जाऊन या." पुढचे तीन दिवस त्यांनी खिडकीतूनच बर्फ बघितला. ते मला अजून लागून राहिलं आहे.

नवशिका माणूस दिवसाला फार तर दोन-तीन तास स्की करतो. मग पोटऱ्या भरून येतात, मुलं कंटाळतात, ऊन डोंगराआड जातं. उरलेला सगळा वेळ जेवण, चालणं आणि दुकानं बघणं यातच जातो. म्हणून उताराची चौकशी करता तेवढीच जेवणाची आणि बाजाराची करा.

सगळं एकाच ठिकाणी मिळेल असं धरून चालणं

आपल्या देशात उत्तम उतार, उत्तम जेवण आणि उत्तम बाजार एकाच जागी नाहीत. हे आधी मान्य केलं की निवड सोपी होते.

स्कीसाठी गुलमर्गला तोड नाही. गाव सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, पायथ्याशी नवशिक्यांसाठी सौम्य उतार, शिकवणारे भरपूर. पण गावातला बाजार छोटा आहे. खरी खरेदी ५० किलोमीटरवरच्या श्रीनगरात, पोलो व्ह्यू आणि लाल चौकाच्या बाजूला. सगळ्या रात्री गुलमर्गात काढल्या तर खरेदी राहून जाते, आणि श्रीनगरातून एका दिवसात जाऊन-येऊन केलं तर स्की म्हणजे फोटोपुरती. जाताना एक रात्र श्रीनगरात, मग गुलमर्गात दोन-तीन रात्री आणि परतताना श्रीनगरात दोन, हा बेत मला सगळ्यात जमलेला वाटतो.

मनालीचं उलट आहे. मॉल रोडवर गाड्या येत नाहीत, दुकानं आणि खाण्याच्या जागा लागून लागून, आजी-आजोबा मधेच बाकावर टेकू शकतात. स्कीसाठी मात्र १३-१४ किलोमीटरवर सोलंगला जावं लागतं, आणि तिथला उतार लहान आहे. पहिल्यांदा स्कीच्या पट्ट्या पायांत चढवणाऱ्या मुलांना तो पुरतो. दुसऱ्यांदा येणाऱ्याला पुरणार नाही. २०२०च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडे सिस्सू गावाला जाता येतं, त्यामुळे सोलंगला बर्फ कमी असला तरी मुलांना बर्फ दाखवायची सोय असते. तीन पिढ्या बरोबर असतील तर मी मनालीच सांगते.

उत्तराखंडातल्या औलीचे उतार आणि समोरचं नंदादेवीचं दर्शन दोन्ही मोठं. पण तिथे बाजार असा नाहीच, खाण्याच्या जागाही मोजक्या. २०२३च्या जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून वर येणारा रोपवे बंद करावा लागला, त्यामुळे सध्या वर कसं जायचं ते बुकिंगआधी विचारून घ्या. स्की मनापासून शिकायला निघालेल्या मोठ्या मुलांना औली योग्य. लहान मुलं आणि वयस्कर माणसांना घेऊन मी जाणार नाही.

तारखा शाळेच्या सुट्टीवरून ठरवणं

दिवाळीत आणि मे महिन्यात या उतारांवर स्की होत नाही. नाताळात बर्फ असला तर असतो, नसला तर नसतो. भरवशाचे दिवस जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे, आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच आंब्याच्या कलमांना मोहोर असतो. फवारणी सोडून बागायतदाराला हलता येत नाही, हे माझ्या माहेरी दरवर्षी बघते. २६ जानेवारीला जोडून सुट्टी काढणं आणि बागेची जबाबदारी भावाभावांत वाटून घेणं, एवढाच मार्ग आम्हाला सापडला.

भरवसा म्हटलं तरी निसर्गाचा. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गातल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून स्वस्तातलं, पण तारीख न बदलता येणारं बुकिंग घेऊ नका. पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल, तारीख बदलून मिळायला हवी, आणि ते लेखी घ्या.

जेवणाची चौकशी "व्हेज मिळतं का" एवढ्यावर संपवणं

आपली माणसं भाताची. काश्मीरही भाताचाच मुलूख आहे, हे किती जणांना ठाऊक नसतं. तिथे घरोघरी हाक म्हणजे पालेभाजी आणि भात रोज खातात. पण पर्यटकांच्या हॉटेलात पुढे येतं ते पनीर, नान आणि मैद्याचे नूडल्स. स्वच्छ शब्दांत हाक-भात मागा, नदरू म्हणजे कमळाच्या देठाची भाजी मागा. मटण खाणाऱ्यांनी रोगनजोश आणि गुश्ताबा सोडू नये. मनालीत मासे हवे असतील तर ट्राउट मिळतो. सुरमईची चव त्याला नाही, पण ताजा असतो आणि काटे काढायला सोपा. तिथला सिड्डू म्हणजे वाफवलेली, आत सारण भरलेली गव्हाची भाकर. वरून तूप ओतून देतात. मोदक-पातोळ्या खाणाऱ्या तोंडाला ती लगेच ओळखीची वाटते. सासूबाईंनी एका बैठकीत दोन खाल्ले.

बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा. रात्रीचं जेवण किती वाजता लावतात? साडेनऊला लावत असतील तर दमलेली मुलं उपाशी झोपतात. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये आहे का? बहुतेक ठिकाणी नसतं, आणि उताराजवळ मॅगी आणि चहाशिवाय फारसं काही नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वयंपाकी आपल्याला हवा तो एक पदार्थ करून देईल का?

आम्ही आता कुळथाचं पीठ, मेतकूट आणि आमसुलं बरोबर नेतो. गुलमर्गात धाकट्याला ताप आला, तेव्हा सासूबाई सरळ हॉटेलच्या भटारखान्यात गेल्या. तिथल्या आचाऱ्याने पीठ बोटांवर चोळून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "कौन सी दाल है, अम्मा?" लसणीची फोडणी, दोन आमसुलं, गुठळी होऊ नये म्हणून थंड पाण्यात कालवलेलं पीठ, सगळं त्यांनी उभं राहून करवून घेतलं. पोराने दोन वाट्या पिठी-भात खाल्ला आणि झोपला. ज्या हॉटेलात असं आत जाऊ देतात, तिथे मी हॉटेलचे तारे मोजत नाही.

खोलीच्या उबेबद्दल न विचारणं

आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे गोधडी. तिथे रात्री पाणी नळातच गोठतं. खोली कशाने गरम ठेवता, वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे विचारा. नुसत्या इलेक्ट्रिक ब्लँकेटवर भागत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

पहिल्याच दिवशी खरेदी, आणि चुकीची

गुलमर्गच्या वाटेत टंगमर्गला किंवा सोलंगच्या रस्त्यावर ड्रायव्हर कोट-बूट भाड्याने देणाऱ्या दुकानापाशी गाडी थांबवतो. भाड्याने घ्याच, दोन दिवसांसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. पण चेन ओढून बघा, आधीच फाटलेलं असेल तिथे फोटो काढून ठेवा. आतले कपडे मात्र घरूनच न्या, आणि ते सुती नकोत. सुती बनियन घामाने भिजतं, वाळत नाही आणि अंग गार पडतं. जीन्सचंही तेच.

शाल शेवटच्या दिवशी घ्या, तोवर चार दुकानांतले भाव कानावर आलेले असतात. अस्सल पश्मिन्यावर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, लेबल मिळतं. अंगठीतून शाल ओढून दाखवणं हा पुरावा नव्हे, पातळ रेयॉनही तसंच निघतं. कोणी हळूच "शाहतूश" दाखवायला लागलं तर उठून बाहेर या. चिरू हरणं मारून ती लोकर काढतात आणि तिचा व्यापार कायद्याने बंद आहे.

तिथे पोचल्यावर अडलं तर

डोकं दुखतंय, मळमळतंय: आपण अक्षरशः समुद्रसपाटीवरची माणसं. पहिली रात्र श्रीनगरात काढा, पाणी पीत राहा. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे जातो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आणि तान्ह्या मुलांना घेऊन गेलेल्यांनी पहिल्या टप्प्याच्या ठाण्यावर, कोंगडोरीलाच थांबावं. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय.

गोंडोला बंद: वाऱ्यामुळे दुसरा टप्पा वारंवार बंद होतो. तिकीट ऑनलाइनच काढा, दलालाकडून नको, आणि मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं काढा, म्हणजे हुकलं तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

बुटात पाय दुखतोय: बहुतेक वेळा दोन मोजे घातलेले असतात. एकच लोकरी मोजा घाला आणि पँट बुटाच्या आत कोंबू नका. बोटं हलायला हवीत, टाच उचलली जाता कामा नये.

मूल घाबरून उभंच राहतंय: पहिला तास फक्त थांबायला शिकवणारा प्रशिक्षक बघा. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, एवढं जमलं की भीती जाते. आणि गॉगल काढू देऊ नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

फोन लागत नाही: जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, घरातलं एक तरी पोस्टपेड हवं. नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. बूटवाला, स्लेजवाला, चहावाला यांच्यासाठी सुटे पैसे आतल्या खिशात ठेवा. फोनही तिथेच ठेवा, बाहेरच्या गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.