घरात लावण्याआधी सिनेमा कसा पारखावा

मुलांना एखादा सिनेमा दाखवावा की नाही, हे ठरवताना बहुतेक ख्रिस्ती घरांत मोजदाद होते. शिव्या किती, चुंबनं किती, रक्त किती. मोजावं लागतंच, पण निव्वळ मोजणीवर निकाल द्यायचा तर बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा अकरावा अध्यायही मुलांपासून लपवावा लागेल. त्यात दाविद राजाने केलेला व्यभिचार आहे, कट आहे, खून आहे. मात्र बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदासमोर उभा राहतो आणि पापाला पाप म्हणतो. सिनेमात काय दाखवलं हा एक प्रश्न. जे दाखवलं त्याच्या बाजूने सिनेमा उभा आहे की विरोधात, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहून काढा.

सुरुवात सिनेमाच्या वयोगट-प्रमाणपत्रापासून करा, पण त्याच्यावर विसंबू नका. अक्षरापेक्षा त्याखालची कारणांची ओळ महत्त्वाची: 'हिंसा', 'अंमली पदार्थ', 'भीतीदायक दृश्यं'. ब्रिटनचं चित्रपट-प्रमाणन मंडळ ही माहिती बरीच सविस्तर देतं. प्रमाणपत्र वयाबद्दल बोलतं, मूल्यांबद्दल नाही. १९९५ साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली. तिच्या 'मूल्ये' या विभागात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा 'शिंडलर्स लिस्ट' आहे, आणि अमेरिकेत त्याच चित्रपटाला 'आर' (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्र आहे. चांगला आहे आणि लहानांसाठी नाही, असं एकाच वेळी असू शकतं. उलटही होतं: सर्वांसाठी खुला असलेला एखादा विनोदी सिनेमा आईबापांना मूर्ख ठरवण्यावरच उभा असतो.

ट्रेलर विकण्यासाठी असतो; पारखायला त्याचा उपयोग कमी. घरात आठ वर्षांखालचं मूल असेल, तर मोठ्यांपैकी एकाने सिनेमा आधी पूर्ण बघावा. कागदावर चार रकाने आखा: वेळ, काय घडलं, किती वेळ चाललं, सिनेमाने ते कसं मांडलं. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर आपण अजून मोजतोच आहोत, पारखत नाही. ज्या भाषेत मुलं बघणार त्याच भाषेत बघा. डबिंगमध्ये शिव्या सौम्य होतात, कधी वाढतातही. मूळ संवादात देवाचं नाव व्यर्थ घेतलेलं असतं (निर्गम २०:७) ते डबिंगमध्ये गायब होतं, पण सबटायटल लावलं की दिसतं. आवृत्तीही तपासा, कारण थिएटरमधली आणि घरी मिळणारी लांबवलेली आवृत्ती एकच असेल असं नाही. श्रेयनामावलीनंतरचं दृश्य सोडू नका.

हिंसेच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. रक्त दिसलं नाही की आपण निर्धास्त होतो. पण शेकडो माणसं पडतात, कुणी विव्हळत नाही, कुणाची आई रडत नाही, अशी स्वच्छ हिंसा मुलाला शिकवते की मारण्याने काही बिघडत नाही. वेदना आणि परिणाम दाखवणारं एक कठीण दृश्य त्याहून प्रामाणिक असतं. मग सूड. 'सूड घेणे माझ्याकडे आहे' असं रोमकरांस १२:१९ सांगतं, आणि कितीतरी सिनेमे नायकाने सूड घेतला की टाळ्या वाजवायला लावतात. टाळी कुठे वाजवावीशी वाटली, ते आपल्या कागदावर नोंदवा. स्वतःच्या टाळीबद्दल खरं लिहिणं जड जातं, तरी लिहाच.

शेवटी खलनायक पकडला जातो म्हणून सिनेमा नैतिक ठरत नाही. १९३४ ते १९६८ या काळात हॉलीवूडमध्ये कडक आचारसंहिता लागू होती; पापाची शिक्षा दाखवावी लागे. मग दीड तास गुन्हेगाराची ऐट आणि शेवटची पाच मिनिटं तुरुंग, ही पळवाट निघाली. घरी जाताना प्रेक्षकाच्या मनात ऐटच उरते.

नग्नतेपेक्षा विवाहाची खिल्ली कधी कधी जास्त खोल जाते: विश्वासघात हा विनोद, निष्ठा हा बावळटपणा. जादूबद्दल ख्रिस्ती घरांची मतं वेगळी असतात. परीकथेतली जादू आणि मृतांना बोलावण्याची खरी वाटणारी पद्धत यांत फरक करा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली मनाई दुसरीला थेट लागू पडते. पहिलीबद्दल रोमकरांस १४ प्रमाणे आपल्या विवेकभावाने ठरवा आणि दुसऱ्या घराला दोष देऊ नका. 'ख्रिस्ती सिनेमा' या शिक्क्यालाही हीच चाळणी लावा. प्रार्थना केली की नोकरी, यश, आजारातून सुटका हमखास, असं दाखवणारा सिनेमा शिवीविरहित असतो आणि तरी चुकीचं शिकवतो.

आता वय. साधारण सातच्या आतलं मूल दिसण्याला घाबरतं: विद्रूप चेहरा, माणसाचं प्राण्यात रूपांतर. 'हे खोटं आहे' म्हणून त्याची भीती जात नाही. मोठं मूल घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतं: आईवडील मरणं, घरात कुणी घुसणं. म्हणून एकाच सिनेमाचा निकाल दोन भावंडांसाठी वेगळा लागू शकतो.

गुणांची सरासरी काढू नका. नऊ गोष्टी उत्तम आणि एक क्रूर दृश्य लहानासाठी असह्य, तर उत्तर 'नाही' हेच. लहानांना अडखळवण्याबद्दल मत्तय १८:६ फारच कडक आहे. निकाल मात्र फक्त हो-नाही असा नको. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या वृत्तसेवेने २०२२ पर्यंत वापरलेल्या वर्गीकरणात पाच पायऱ्या होत्या: सर्वांसाठी, किशोर व प्रौढांसाठी, प्रौढांसाठी, मोजक्याच प्रौढांसाठी, आणि नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह. घरासाठी यात एक पायरी वाढवा: 'आमच्यासोबत बसूनच'.

त्या पायरीवर ठेवलेला सिनेमा लावण्याआधी ठरवून घ्या की कुणीही 'थांबवा' म्हटलं की तो थांबेल, कारण विचारलं जाणार नाही. संपल्यावर उपदेश नको, प्रश्न विचारा: यात खोटं कोण बोललं? त्याचा त्रास कुणाला झाला, आणि तो आपल्याला दाखवला का? लहान मूल दुसऱ्या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसलं, तर त्याला बसू द्या.