आद्य ख्रिस्ती आचार्यांचा ‘ईश्वरीकरणा’चा विचार कसा वाचावा

अलेक्झांड्रियाचा बिशप अथनाशिअस याने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात देहधारणेवर, म्हणजे देवाच्या पुत्राने ख्रिस्ताच्या रूपात मानवी देह घेतला यावर, एक छोटा ग्रीक ग्रंथ लिहिला. त्याच्या 54व्या प्रकरणातले एक वाक्य असे आहे: तो मनुष्य झाला, तो आपण देव केले जावे म्हणून. मराठी वाचकाला हे वाक्य वाचताच सायुज्य मुक्ती किंवा अद्वैत आठवते. ख्रिस्ती घरात वाढलेला वाचक मात्र बिचकतो, कारण निर्मात्याच्या पंक्तीला निर्मिती बसवणे त्याला निंदेसारखे वाटते. माझ्या मते दोघेही घाई करतात. माणूस देव केला जाण्याचा, म्हणजे ‘ईश्वरीकरणा’चा, हा विचार नीट समजून घ्यायचा असेल, तर वाचनाचा क्रम थोडा सांभाळावा लागतो.

सर्वप्रथम बायबलमधली चार ठिकाणे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, कारण हे आचार्य पुन्हा पुन्हा तिथेच परत येतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या वचनात विश्वासणारे ईश्वरी स्वभावाचे वाटेकरी होतील असे म्हटले आहे. 82व्या स्तोत्रात ‘तुम्ही देव आहात’ असे शब्द येतात आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू तेच शब्द उद्धृत करतो. पौल गलतीकरांना लिहितो की यापुढे मी जगतो असे नव्हे, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. ‘वाटेकरी’ या शब्दापाशी थांबावे. वाटेकरी होणे म्हणजे मूळ मालक होणे नव्हे, आणि पुढचा सगळा वाद या फरकाभोवती फिरतो.

त्यानंतर अथनाशिअसचे वाक्य व्याकरणाच्या अंगाने पाहावे. इंग्रजी अनुवादक मोठे आणि छोटे अक्षर वापरून ‘देव’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे करू शकतो. देवनागरीत ती सोय नाही, आणि त्या काळच्या ग्रीक हस्तलिखितांतही ती नव्हती. त्यामुळे फरक क्रियापदातच शोधावा लागतो. मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे. आपण ‘देव होत’ नाही, ‘देव केले जातो’. कर्ता दुसरा आहे. ‘आपण देव व्हावे म्हणून’ असा सुटसुटीत अनुवाद कानाला बरा वाटतो, पण त्यात नेमका हा कर्ता हरवतो. वाक्य तिथेच तोडूही नये. पुढे अथनाशिअस म्हणतो की अदृश्य पित्याची ओळख आपल्याला व्हावी म्हणून तो देहाने प्रकट झाला आणि आपल्याला अमरत्वाचा वारसा मिळावा म्हणून त्याने माणसांकडून अवमान सोसला. म्हणजे देव केले जाणे याचा आशय त्याने स्वतःच सांगितला आहे: पित्याचे ज्ञान आणि मृत्यूपासून सुटका.

मृत्यूपासून सुटका हा शब्दप्रयोग इथे अगदी शब्दशः घ्यावा, कारण या ग्रंथापुढचा प्रश्न नाश हाच आहे. शून्यातून घडवलेला माणूस देवापासून दुरावला की पुन्हा शून्याकडे घसरू लागतो, आणि त्याला वरून नुसती आज्ञा देऊन ही घसरण थांबत नाही. 44व्या प्रकरणात अथनाशिअस गवताचा दाखला देतो. गवतापासून आग दूर ठेवली तर ते जळत नाही, पण ते गवतच राहते आणि आगीची भीती कायम असते. तेच गवत आगीत न जळणाऱ्या अॅस्बेस्टॉसने वेढले की त्याला आगीचे भय उरत नाही. जीवन देहाच्या बाहेर राहून भागणार नव्हते, ते देहालाच वेढून राहायला हवे होते, म्हणून देहधारणा. हा दाखला वाचल्यावर त्याचे ते धाडसी वाक्य एखाद्या साधकाच्या अनुभूतीचे वर्णन वाटत नाही. ते रोगावरच्या उपायाचे वर्णन वाटू लागते.

प्रत्येक आचार्य वाचताना तो कोणाशी भांडतो आहे, हेही विचारावे. लियोंचा इरेनियस इ. स. 180च्या सुमारास लिहितो की ख्रिस्त आपल्या अपार प्रीतीमुळे आपण जे आहोत ते झाला, तो आपल्याला स्वतः जे आहे ते करण्यासाठी. त्याच्यासमोर ज्ञानवादी पंथ होते. त्यांतले बरेच जण देहाला तुच्छ मानत आणि निवडक माणसांत जन्मतःच दिव्य ठिणगी असते असे सांगत. इरेनियसचे उत्तर नेमके उलट आहे: ठिणगी जन्मतः नसते, दान बाहेरून येते आणि ते देहासकट माणसाला मिळते. अथनाशिअससमोर अरियसचे अनुयायी होते, ज्यांच्या लेखी पुत्र हा निर्माण केलेला होता. या वादाचा निकाल लावण्यासाठी भरलेल्या बिशपांच्या 325च्या निकेया परिषदेनंतरही हा वाद अनेक दशके चालला आणि अथनाशिअसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. त्याचा युक्तिवाद असा होता की पुत्रही निर्मितीच असेल, तर एक निर्मिती दुसऱ्या निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही. आपल्याकडचे दोन शब्द इथे फार उपयोगी पडतात: औरस आणि दत्तक. ख्रिस्त स्वभावाने पुत्र आहे, आपण कृपेने. दत्तक मुलाला घराचे नाव, माया आणि वारसा हे सगळे मिळते, पण त्याचा जन्म बदलत नाही. पश्चिमेकडचा आचार्य ऑगस्टीनही लॅटिनमध्ये हेच सांगतो की माणसे देव होतात ती कृपेने, देवाच्या तत्त्वातून जन्मून नव्हे. त्यामुळे हा विचार फक्त पूर्वेकडच्या ग्रीक आचार्यांचा होता, हा सर्रास आढळणारा समज बाजूला ठेवावा.

दृष्टांतांचा मेळ लावताना विशेष जपावे. आपल्या कानांत पाण्यात विरघळणारे मीठ आणि सागराला मिळणारी नदी इतकी मुरली आहे की प्रत्येक ऐक्य आपण त्याच साच्यात ओततो. (आपल्याच संतांनी मुक्ती बाजूला सारून भक्तीचे सुख मागितले आहे, हे त्या घाईत आपण विसरतो.) या आचार्यांचा आवडता दृष्टांत लोहाराच्या भट्टीतला आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या आचार्याने तो ख्रिस्ताच्या मानवी आत्म्यासाठी योजला आणि सातव्या शतकात मॅक्सिमस या ग्रीक साधूने ईश्वरीकरणासाठी. भट्टीतले लोखंड लाल होते, उजेड देते, हात लावला तर भाजते. ही सगळी कामे आगीची आहेत. तरीही ते लोखंडच असते, आणि भट्टीतून बाहेर काढून ठेवले की थोड्या वेळात काळे पडते. लोखंडाने आगीचा स्वभाव स्वतःच्या मालकीचा केलेला नसतो, आगीत असेपर्यंतच तो त्याच्या वाट्याला असतो. मीठ आणि लोखंड हे दोन दृष्टांत एकच मानले की सगळे वाचन बिघडते.

हे ऐक्य घडते कुठे, या प्रश्नाचे उत्तर ध्यानमार्गात शोधत बसू नये. ते बाप्तिस्म्यात आणि प्रभुभोजनात शोधावे. अलेक्झांड्रियाचा सिरिल योहानाच्या सहाव्या अध्यायावर भाष्य करताना म्हणतो की मेणाला मेण जोडावे तसा ख्रिस्ताचे शरीर घेणारा त्याच्याशी जोडला जातो. ‘थिऑसिस’ (ईश्वरीकरण) हे ग्रीक नाम नाझियान्झसच्या ग्रेगरीने रूढ केले. त्याआधीच्या लेखकांत क्रियापद शोधावे, नाम सापडले नाही म्हणून विचारच नव्हता असे समजू नये.

शेवटी दुसऱ्या एका ग्रेगरीचे, निस्साच्या ग्रेगरीचे, मोशेच्या चरित्रावरील विवेचन घ्यावे, पण ते आधी उघडू नये, कारण ते सर्वांत मोहक आहे. देव अमर्याद असल्याने त्याच्यातील वाटाही कधी संपत नाही, आणि तृप्तीतूनच पुढची ओढ जन्मते, असे तो मांडतो. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहू मागतो आणि त्याला खडकाच्या कपारीतून केवळ पाठ दिसते. ग्रेगरी विचारतो की पाठ कोणाला दिसते, आणि उत्तर देतो: जो मागून चालतो त्याला.