पदावर बोलायचं नाही

'संगीत सौभद्र' हे नाटक १८८२ पासून रंगतंय. त्यात रंगमंचावर काय दिसतंय ते अंध प्रेक्षकाला माइकवरून कानात सांगताना माझा पहिला नियम: पदावर, म्हणजे नाटकातलं गाणं चालू असताना, बोलायचं नाही. ऑर्गनचा सूर लागला की माइक बंद. हालचाल सांगायची ती संवादांमधल्या फटीत, मोजक्या शब्दांत: "सुभद्रा पाठ फिरवते." तिला वाईट वाटलं हे सांगू नका, ते आवाजात कळतंच. या जागा आधी दोन-तीन तालमी बघून संहितेत पेन्सिलीने खुणावून ठेवा. इयरफोन एकाच कानाचा द्या, दुसरा कान गाण्याला मोकळा हवा. थोडंफार दिसतं त्यांच्यासाठी पुढची रांग राखा.

पहिल्या घंटेच्या तासभर आधी सगळ्यांना रंगमंचावर न्या. यतिवेशातल्या अर्जुनाचा कमंडलू, सुभद्रेचा शालू हाताळू द्या. एक आजी जरीचा काठ बोटांनी चाचपत म्हणाल्या, "केवढा जड गं!" प्रयोगात शालू सळसळला, तेव्हा मी गप्पच होते. त्यांनीच शेजारणीला सांगितलं, "आली सुभद्रा."